चिऊच्या झोपेचं चेकशीट

हसायचं तर हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा, ठसका लागेल! पोटच्या पोरीच्या झोपेची मी कशी माती केली, ते सांगतो.

आमची चिऊ अडीच वर्षांची. थंडीत तिला धाप लागायची, म्हणून डॉक्टर मॅडमनी सहा महिन्यांचं औषध लावलेलं. रोज संध्याकाळी एक गोळी. दीड महिना सगळं झकास चाललं. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, बायको आठ दिवस हर्सूलला माहेरी गेली आणि पोरगी माझ्या ताब्यात आली. दिवसा शेजारच्या शबाना खालांकडं, रात्री माझ्याकडं.

पहिल्याच रात्री चिऊ दोनदा उठली. आई जवळ नाही म्हटल्यावर लेकरू उठणारच, हे कुणालाही कळलं असतं. मला नाही कळलं! मी औषधाच्या खोक्यातला कागद उलगडला. बारीक अक्षरात लिहिलेलं, काही मुलांच्या झोपेवर परिणाम होऊ शकतो.

आता मी पडलो वाळूजच्या कंपनीत क्वालिटीचा माणूस. आमच्यात संशय आला की दर तासाला तपासणी, त्याशिवाय माल हलत नाही! लगेच चेकशीट आखलं. वेळ, स्थिती, शेरा, तपासणाऱ्याची सही. मोबाईलवर दर तासाचा गजर लावला, उशाशी टॉर्च ठेवला.

निकाल भयंकर! अकरा वाजता, जागी. बारा वाजता, जागी. एक वाजता, जागी आणि रडवेली. दोन वाजता, जागी, तपासणाऱ्याला चावली.

संध्याकाळी खाला म्हणाल्या, "भाई, बच्ची तो दिनभर सोती! खिचडी खाते खाते सो गई."

बघा! दिवसा गुंगी, रात्री जाग. आणखी काय पुरावा पाहिजे? लाल पेनानं शेरा मारला.

चौथ्या दिवशी मीच मशीनशेजारी उभ्या उभ्या झोपलो. सुपरवायझर म्हणाला, "काय राव, पिऊन आलाय का?"

"नाय हो, पोरीचं औषध लई कडक आहे. मी नुसती डबी उघडतो, तरी ही हालत!"

बायकोला फोन लावला. "अगं, आजपासून गोळी बंद करतो."

"खबरदार! अन् धाप लागली तर काय करताल? मॅडमला इचारल्याबिगर हात लावायचा नाय. मी येते उद्याच."

तिचं बरोबर होतं. पण मला खरंच भीती वाटत होती हो. मागच्या थंडीत चिऊच्या छातीचा आवाज ऐकून मी रडलो होतो. गोळी बंद करावी तर ती धाप, चालू ठेवावी तर ही जाग. बापानं करायचं काय?

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेलो. मॅडम म्हणाल्या, "विचारलंत ते बरं केलं. या औषधानं काही मुलांची झोप बिघडते, खरं आहे. तसं असेल तर बदलू. पण मनानं कधी बंद करायचं नाही." मग त्यांनी चेकशीट हातात घेतलं. "ही रोज बरोब्बर तासाच्या ठोक्याला कशी उठते हो?"

"मॅडम, मी पण तिथंच चाट पडलो!"

"पण जागी आहे हे तुम्हाला कळतं कसं?"

"तोंडावर टॉर्च मारतो आणि विचारतो, चिऊ, झोपलीस का?"

"मग?"

"हो म्हणते."

"आणि तुम्ही लिहिता, जागी."

"मग काय मॅडम, झोपलेलं पोर बोलेल का?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. बायकोनं ओढणी तोंडात कोंबली. मला मात्र अजून कळलंच नव्हतं! कळलं तेव्हा वाटलं, टेबलाखाली जाऊन बसावं.

औषध होतं तसंच चालू राहिलं. बाबांनी आठ दिवस दुसऱ्या खोलीत झोपायचं, तरीही पोर उठली तर औषधाचं बघू, असं ठरलं. चिऊ त्याच रात्रीपासून सकाळी सातपर्यंत ढाराढूर.

नवव्या दिवशी उशी काखेत मारून मी दाराशी गेलो. "मॅडमनी आठच दिवस सांगितलं होतं," म्हटलं.

आतून बायको हळूच म्हणाली, "ते बापाला. तपासणाऱ्याला पोरीचं लगीन होईस्तोवर बंदी हाय!"