घुमटाच्या उंबऱ्यापर्यंत

आधीच सांगून ठेवतो — मी सिव्हिल इंजिनिअर आहे. भुतं, करणी, अंगात येणं... या भानगडींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. भिंतीला तडा गेला की त्याला कारण असतं आणि ते मला सापडतं. एवढा भरवसा मला स्वतःवर आहे.

हल्ली मुलांना क्लासला घालून लातुरात खोली करून राहणारे पालक पुष्कळ. मुलं दिवसभर क्लासमध्ये, हे रिकामे. रविवारी मी त्यांना गाडीत घालतो आणि औशाचा किल्ला, कधी उदगीर, कधी कंधार दाखवून आणतो. कमानी, हौद, चुन्याची नक्षी... बोलायला लागलो की मला आवरत नाही. औशाजवळच्या एका गावातला जुना दर्गाही दाखवतो. तिथून निघताना मजारीला, म्हणजे आतल्या कबरीला, पाठ दाखवायची नाही, उलट्या पावलांनी बाहेर यायचं, असा रिवाज आहे. मी तो पाळतो. परवा भोकरचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, तुम्हीसुद्धा?" म्हणून हे लिहायला घेतलं.

किल्लारीच्या भूकंपानंतरचे दिवस. कोणती इमारत ठेवायची, कोणती पाडायची हे सांगायचं काम माझ्याकडे होतं. या दर्ग्याच्या पश्चिमेच्या भिंतीला खालपासून थेट घुमटापर्यंत तडा गेला होता. दाराजवळ हातोडीनं ठोकलं तर आवाज पोकळ. भिंत आतून फुटली, हे उघड होतं. मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

दर्गा सांभाळणारा सलीम माझा शाळासोबती. त्याचे वडील, आमचे चाचा, भूकंपाच्या कितीतरी आधी वारले होते. उजवा पाय ओढत चालायचे. पण आलेल्या प्रत्येकाला, आम्हा पोराटोरांनासुद्धा, उंबऱ्यापर्यंत सोडायला यायचे. त्यांच्यामागं चाची रोज तिथं दिवा लावायच्या. त्या बाईचं सगळं जग त्या घुमटाखाली होतं, आणि तो पाडा असं मला सांगायचं होतं.

रात्री पुन्हा एक धक्का बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं बघून घ्यावं म्हणून कुलूप काढलं. फरशीवर चुन्याचा ताजा थर पडला होता, अगदी कोरा. त्यावर पहिला ठसा माझ्या मोज्यांचा. बाहेर ओट्यावर सलीम आणि चाची बसून होते. त्यांना काय तोंड दाखवू, असं झालं होतं. एरवी मी सरळ पाठ फिरवून निघायचो. त्या दिवशी वाटलं, आता पाडायचीच वास्तू, तर शेवटचा मान द्यावा. उलट्या पावलांनी निघालो.

उंबऱ्याशी आलो आणि नजर खाली गेली... माझ्या ठशांच्या समोर, माझ्याकडे येणारी अनवाणी पावलं उमटली होती. डावं स्पष्ट. उजव्यामागं ओढल्याची रेघ.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण पावलं आली कुठून हे बघितल्याशिवाय मला राहवेना. ती पश्चिमेच्या कोपऱ्यातून निघाली होती, बरोबर तड्याच्या पायथ्यापासून. तिथं हातोडी मारली. गिलाव्याचा जाड पोपडा धपकन पडला. मागं घडीव दगड, सुरीचं पातं जाणार नाही असे सांधे. तडा कुठंच नव्हता! पुढं आठवडाभरात माणसं लावून वरपर्यंत सगळा गिलावा उतरवला. फुटला होता तो नंतर कुणीतरी चढवलेला गिलावा. पोकळ आवाजही त्याचाच. घुमट ठणठणीत होता.

त्याच दुपारी सलीमला विचारलं, दुसरी किल्ली आहे का? न्हाई, म्हणाला. दुसरं दारही नव्हतं. चाची उंबऱ्याशी आल्या, त्या पावलांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"त्येंची सवयच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पाहुना निघाला की उठल्याबिगर ऱ्हात न्हाईत."

संध्याकाळी त्यांनी स्वतःच फरशी झाडली आणि दिवा लावला. तो दिवा आजही लागतो. आता सलीम लावतो.

गिलाव्याचं कारण मी कुणालाही कागदावर काढून दाखवीन. पावलांचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. भोकरच्या त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो — सोडायला आलेल्या माणसाकडे पाठ करून कोण जातं हो?