बर्फगाडीतला लाल दिवा

देवाचं काम करायला निघालेल्या तुम्हाला कुणी "थांब" म्हटलं, तर तुम्ही त्याच्यावर रागावता का? मी रागावले होते. आमच्या घरून दत्तभक्तीची पत्रकं निघत. त्यांच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. नेदरलँड्सला शिकायला आल्यावर इथल्या उपासना मंडळासाठी मीही पत्रकं लिहू लागले. लॉकडाऊनमध्ये आमचं पारायण ऑनलाइन सुरू झालं, तेव्हा एकात मी ठणकावून लिहिलं की शंका आली तिथे भक्ती संपली. ते वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही राहायचो त्या फेल्डहोवन गावात कधी नव्हे एवढा बर्फ पडला. विमानं बंद झाल्याने लेकीकडे अडकलेल्या एक काकू गावाबाहेर कालव्याकाठी राहत होत्या. लेकीला कोविड झालेला आणि काकूंचं इन्सुलिन संपलेलं. मी औषध आणलं, पण बस बंद आणि सायकलचा रस्ता बर्फाखाली. मंडळातल्या मृणालच्या शेजारी एक शेतकरी राहायचा. त्याच्याकडे स्वीडनहून आणलेली जुनी बर्फगाडी, म्हणजे स्नोमोबाइल होती. शेतातूनच न्या, रस्त्यावर काढू नका, असं बजावून त्याने ती दिली. मृणाल इंजिनांवर संशोधन करणारी, तरी चालवायला मीच बसले. औषध माझ्याच हातून पोचावं अशी माझी इच्छा होती.

एका चराच्या कडेला वळताना गाडी उलटली. आम्ही मऊ बर्फात पडलो, लागलं नाही. दोघींनी मिळून ती सरळ केली. मी इंजिन सुरू केलं आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला.

"बंद कर," मृणाल म्हणाली.

"चालू आहे की!"

"अगं, तेल पोचत नाहीये आत. बंद कर म्हणते ना."

"दत्त महाराज नेतील. तुला काय, आरतीतसुद्धा प्रश्नच पडतात."

"महाराजांना गाडी ढकलायला लावू नकोस, बाई."

ही आपली परीक्षा आहे असं मी ठरवून टाकलं आणि नामस्मरण करत गाडी पुढे काढली. तेवढ्यात कालव्याच्या काठावरून एक उंच, पांढऱ्या केसांची डच बाई चढून आली आणि हात पसरून थेट गाडीपुढे उभी राहिली. पायांत बर्फावरून घसरत जायचे स्केट्स होते. मला इंजिन बंद करावंच लागलं. आम्हाला उलटताना तिने पाहिलं होतं. कुणाला लागलंय का, एवढंच तिला विचारायचं होतं. कुठे निघालात, असं विचारल्यावर मृणालने सगळं सांगितलं. "त्या घरावरूनच जाते मी," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

औषध गोठू नये म्हणून मी ते जॅकेटच्या आत छातीशी धरलं होतं. मी ते देईना. अनोळखी बाई, मास्क नाही, अशी कारणं मी मराठीत पुटपुटले. खरं कारण मला ठाऊक होतं. मृणालने काकूंना फोन लावून माझ्या कानाशी धरला. त्यांचा आवाज जड झाला होता. "सावकाश या गं बाळांनो," त्या म्हणाल्या. मग मात्र माझा हात आपोआप जॅकेटमध्ये गेला. बाईने पुडकं कोटाच्या आत ठेवलं आणि गोठलेल्या कालव्यावरून ती दिसेनाशी झाली.

मागे राहिलो आम्ही आणि ती गाडी. खाली बर्फावर तेलाचा थेंब नव्हता, तेल मोजायची पट्टी मात्र कोरडी. "सांडलं नाही म्हणजे आतच कुठेतरी गेलंय," असं म्हणत मृणालने एअर फिल्टरचा डबा उघडला. तो तेलाने भरला होता. गाडी उलटल्यावर तेल तिथे चढलं होतं आणि पंप नुसती हवा ओढत होता. आणखी थोडं रेटलं असतं, तर बेअरिंग जळून आम्ही उघड्या शेतात अडकलो असतो, औषध माझ्या जॅकेटमध्येच घेऊन. मी मान खाली घालून माफी मागितली. "ते नंतर. आधी तुझा मफलर दे पुसायला," ती म्हणाली. डबा पुसला, आत शिरलेलं तेल बाहेर पडावं म्हणून स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतं फिरवलं, सीटखालच्या कॅनमधलं तेल भरलं. प्लग परत बसवून सुरू केलं, तेव्हा दिवा विझला.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "औषध मिळालं गं, लेकीने टोचलंसुद्धा. दारातूनच चहा विचारला, तर नुसती हसली नि गेली. तुमच्या मंडळातली का?"

ती कोण होती, हे मी शोधलं नाही. मी नाम घेत होते आणि ज्या दोघी मला अडवत होत्या, त्यांनाच मनात दूषणं देत होते. दत्त महाराजांनी माझी हाक ऐकली, पण गाडी चालू ठेवली नाही, मला थांबवलं. त्या कृपेने काकू वाचल्या. आठवलं की अजून लाजेने कान तापतात, आणि हात जोडले जातात. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून रेटणं नव्हे, हे मला तिथे कळलं. मुठीतलं सोडणं त्याहून अवघड होतं. ते पत्रक मी मागे घेतलं.

तुमच्या मंडळात प्रश्न विचारते म्हणून गप्प केलेली कुणी असेल. तिला आज फोन करा, आणि पुढची सेवा कशी करायची ते तिला ठरवू द्या.