माझं ऑपरेशन आणि ह्यांचा जीव

गाठींमुळे गर्भपिशवी काढायचं ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी माझं जवळजवळ अभिनंदनच केलं. माझ्या वयाच्या बहुतेकींची कधीच काढून झाली होती. मीच मागे राहिले होते. शिंदखेड्यातल्या आमच्या घरी रोज दुपारी कुणी ना कुणी येऊन बसे, चहा घेई, "काही नसतं गं त्यात, नंतर हलकं वाटतं," असं सांगे आणि आपल्या टाक्यांची हकीकत सुरू करी. सावद्याहून भावाचा फोन आला, "आजकाल हे म्हणजे दाढ काढण्यासारखं झालंय." स्वतःची दाढ काढायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ दोन महिने लवंग चघळत डॉक्टरला टाळत होता, पण ते असो.

मला भीती वाटत होती. कापण्याची नाही, भुलीची. भूल दिली आणि नंतर जागच आली नाही तर? रात्रंदिवस डोक्यात एवढंच. पण मी वाक्य सुरू केलं की समोरचा ते पुरं होऊ देत नसे. "अभद्र बोलू नये." म्हणजे मरणाची भीती जिला वाटते तिनंच त्याबद्दल तोंड उघडायचं नाही, असा सगळ्यांचा ठराव. मग मी निमूटपणे डबे भरून ठेवले, ह्यांना गॅसचं सिलिंडर बदलायला शिकवलं आणि धुळ्याच्या हॉस्पिटलात दाखल झाले. सोबत हे आणि सासूबाई. मुलगी पुण्याला नोकरीत. ती मला घरी न्यायच्या दिवशी येणार होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टर हिरवा गाऊन घेऊन आली. म्हणाली, "काकू, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र. आत काहीच चालत नाही."

सासूबाई कोपऱ्यात जप करत होत्या, त्यांचा जप थांबला. "बाई, मंगळसूत्र ऱ्हाऊ दे," त्या सिस्टरला म्हणाल्या. "त्याले काय व्हस?" सिस्टरनं मशीनचं, विजेचं, भाजण्याचं असं बरंच काही सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मान माझ्याकडे नाही, आपल्या मुलाकडे वळवली. त्या नजरेत एवढी काळजी होती, की क्षणभर मला वाटलं ऑपरेशन ह्यांचंच आहे.

ह्यामागे आमच्या घराचा इतिहास आहे. सासूबाईंनी तरुणपणी एकदा मंगळसूत्र गाठवायला सोनाराकडे दिलं होतं आणि त्याच दिवशी सासरे बैलगाडीवरून पडले. पाय मोडला. त्यानंतर सासरे भरपूर जगले, नातवंडं खेळवली आणि म्हातारपणी झोपेत गेले. पण दोष त्या सोनाराकडच्या दिवसाचाच. बाईचा गळा आणि हात मोकळे असतील तेवढा वेळ नवऱ्याच्या जिवाला धोका, हे सासूबाईंच्या दृष्टीनं सिद्ध झालेलं होतं.

मी बांगड्या काढल्या. काचेच्या होत्या, साबण लावून एकेक उतरवावी लागली. मग सिस्टरनं हाताला सलाईनची सुई लावली. मंगळसूत्र सासूबाईंनी पदराच्या टोकाला बांधून मुठीत धरलं आणि लगेच मुलाचा बंदोबस्त सुरू केला. आधी त्याला खुर्चीवर बसवलं. मग वर पाहिलं तर पंखा. खुर्ची भिंतीकडे सरकवली. फोन चार्जिंगला लावलेला, तो काढायचा नाही, शॉक बसेल. लिफ्टनं जायचं नाही, अडकते. जिन्यानंही नाही, फरशी नुकतीच पुसलीय. शेंगदाणे खायचे नाहीत, ठसका लागेल. "हिना हात भरतस नहीत तवलोंग उठू नको," त्यांनी मुलाला बजावलं. माझ्या हातात पुन्हा बांगड्या पडेपर्यंत त्यानं जागचं हलायचं नव्हतं.

आमचे हे हायस्कूलला विज्ञान शिकवतात. रक्ताभिसरणाचा धडा तर असा रंगवतात, की पोरं घरी येऊन आईबापाची नाडी बघतात. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ह्याला काही आधार नाही, पण आता आईच्या मनाला बरं वाटतंय तर..." आणि पाय जवळ घेऊन नीट बसले. इतक्या मनापासून आज्ञा पाळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या मांडवातसुद्धा नाही.

माझा नंबर सकाळचा होता. पण अपघाताचा कुणीतरी पेशंट आला आणि डॉक्टर तिकडे गुंतले. मी पलंगावर गाऊन घालून पडून होते. पोटात अन्न नाही, तोंडात पाणी नाही, आणि डोक्यात तीच ती भूल. थंडी नसताना पाय गार पडले होते. माझ्याकडे कुणी पाहिलं असतं तर कळलं असतं. पण खोलीतले दोन जण तिसऱ्याला जगवण्यात मग्न होते, आणि त्या दोघांपैकी एक तो तिसरा स्वतःच होता.

तेवढ्यात सिस्टर आली. "डॉक्टर आता मोकळे होतायत. हे इंजेक्शन आणि टाक्यांचा दोरा लगेच आणून द्या. आपल्याकडे संपलाय, समोरच्या मेडिकलला मिळेल." चिठ्ठी पलंगावर ठेवून ती गेली.

समोरचं मेडिकल म्हणजे रस्त्यापलीकडचं, आणि त्या रस्त्यावरून ट्रक असे धावत होते, जणू पुढच्या गावी कुणाचं तरी लग्न गाठायचंय. हे अर्धवट उठले. सासूबाईंनी खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. "मोटरी दखी का?" त्यांनी खिडकीतून गाड्यांकडे बोट दाखवलं. सासूबाईंना स्वतःला वाचता येत नाही, आणि रस्ता ओलांडायचा म्हटलं तर त्या माझ्या दंडाला धरून डोळे मिटतात. भावाला फोन लावला. तो केळीचा घड घेऊन सावद्याहून निघाला होता, पण जळगावातच ट्रॅफिकमध्ये अडकला होता. "वीस मिनिटांत येतो," म्हणाला. जळगावहून धुळं वीस मिनिटांत आजवर कुणी गाठलेलं नाही.

"मग कोण जाणार?" मी विचारलं.

हे छताकडे बघू लागले. सासूबाईंनी मूठ आणखी घट्ट केली.

मला असा काही संताप आला, की भीती मिनिटभर विसरले. गाऊनवर शाल लपेटली, चिठ्ठी घेतली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. वाटलं होतं निदान कुणी हाक तरी मारेल. "अगं, सावकाश," एवढं मात्र हे म्हणाले.

रस्ता कसा ओलांडला ते आठवत नाही. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, दोरा काढला आणि विचारलं, "पेशंट आत घेतला का?"

"पेशंट मीच."

त्यानं माझ्या हातातली सुई पाहिली, गाऊन पाहिला आणि पिशवी माझ्या हातात दिली. वर पाण्याची बाटलीही देऊ लागला. मी म्हटलं, पाणी चालत नाही मला.

बाहेर आले तर समोर रिक्षा उभी. "अक्का, कथा जानं शे?" रिक्षावाल्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून "बस स्टँड" निघता निघता राहिलं. अगदी जिभेवर आलं होतं. शिंदखेड्याची गाडी मिळाली असती. घरी जाऊन स्वयंपाकघरात, माझ्या डब्यांमध्ये बसले असते. गाठी पोटात राहिल्या असत्या, रक्त जात राहिलं असतं, पण जाग तर आली असती रोज सकाळी. मी रिक्षाच्या दांडीला हात लावला. खरं सांगते, एक पाय आत ठेवलाही.

तेव्हा पलीकडून हाक आली. सासूबाई हॉस्पिटलच्या फाटकात उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती. पदर खाली लोंबत होता आणि त्याच्या टोकाची गाठ वाऱ्यानं हलत होती. मला रिक्षाशी पाहिलं आणि त्या सरळ रस्त्यात उतरल्या. डोळे सताड उघडे. एक मोटरसायकल कचकन थांबली, एका ट्रकवाल्यानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण त्या माझ्यापर्यंत आल्या आणि सुई लावलेलाच माझा हात धरला. असा दुखला, की मी ओरडलेच.

"अशी कशी निंघी उनी तू एकटी? आँ? काही व्हई जातं तं?"

"हे कुठे आहेत?" मी घाबरून विचारलं. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर मलाही तेवढी सवय लागलीच होती. "ह्यांना एकटं सोडून आलात?"

"मरू दे त्याले!" सासूबाई भर रस्त्यात ओरडल्या. रिक्षावाला दचकला. "तू मरी गयी तं मी कोना जोडे ऱ्हासू?"

मी गेले तर त्या राहणार कुणाजवळ! इतक्या दिवसांत माझ्या मरणाचा शब्द पहिल्यांदा कुणीतरी तोंडातून काढला होता, आणि तो अभद्र वगैरे काही वाटला नाही. उलट छाती मोकळी झाली. मी तिथेच रडू लागले, गाऊनमध्ये, रिक्षावाल्यासमोर, लाज न बाळगता.

"आई, मला फार भीती वाटतेय," मी म्हटलं. "मला जाग नाही आली तर?"

मला वाटलं आता त्या देवाचं नाव घेतील, काही होत नाही म्हणतील. सासूबाईंनी माझ्या हातातली औषधाची पिशवी आपल्याकडे घेतली.

"मले बी भेव वाटस," त्या म्हणाल्या. "चाल."