पांढरधारेला, सीझन संपल्यावर

शिरवळला मिसळ झाली, चहा झाला, सगळे आपापल्या जागी बसले आणि बस पुन्हा हायवेला लागली, की गाइडच्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग सुरू होतो. त्या वेळी सांगायचं काही नसतं, करायचं काही नसतं, आणि झोपायचं मात्र नसतं. गाइड पेंगताना दिसला की मागच्या माणसांना वाटतं, आता ड्रायव्हरही पेंगणार. उत्तम भिलारे बावीस पावसाळे हा नियम पाळत आले आहेत. आज त्यांच्याच्यानं तो पाळवत नाही.

'पुणे ते पांढरधार, एक दिवस, नाश्ता व जेवणासह.' जुलै लागल्यापासून किती फेऱ्या झाल्या, हे त्यांनी मोजणं सोडून दिलंय. घसा बसलाय. कंबरेत उसण भरलीय. पहाटे स्वतःच चहा टाकून, स्वतःच पिऊन, कप तसाच ओट्यावर ठेवून ते निघालेत, आणि संध्याकाळी परत जातील तेव्हा तो कप तिथंच असणार आहे. थकवा म्हणतात तो हाच असावा.

"दिलावर," ते ड्रायव्हरला म्हणतात, "पाच मिनिटं डोळे मिटतो रे."

"मिटा की साहेब," दिलावर मुजावर आरशात बघत म्हणतो. "आठ दिवस झालं, उघड्या डोळ्यांनी झोपताय. मला काय कळत न्हाई व्हय?"

दाराजवळच्या एकट्या सीटवर भिलारे डोकं मागे टेकवतात. खंबाटकीचा घाट सुरू होतो. इंजिन कण्हतं, वायपर काचेवरून जातो आणि येतो, जातो आणि येतो, मग नुसताच जातो.

"सरका की जरा," कुणीतरी म्हणतं.

एकट्याची सीट दोघांची झालीय. शेजारी त्यांची बायको, शालन बसलीय. मांडीवर कापडी पिशवी, केसांना भरपूर तेल, कपाळावर ते नेहमीचं मोठं कुंकू. शालनला जाऊन सात महिने झालेत. न्युमोनियाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. हे भिलाऱ्यांना इथंही चांगलं ठाऊक आहे. पण त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते गाइडचंच.

"तू कुठून चढलीस?"

"स्वारगेटवरून. तुम्ही पाठमोरे होतात."

"यादीत नाव नाही तुझं."

"बावीस वर्षं नव्हतं," शालन म्हणते. "आज कशाला शोधताय?"

दर पावसाळ्यात ती म्हणायची, "अहो, मला न्या की एकदा तुमच्या त्या धबधब्याला." आणि दर पावसाळ्यात ते म्हणायचे, "सीझन संपला की नेतो." सीझनमध्ये बस भरलेली, गाइडच्या बायकोसाठी सीट अडवायची कशी? आणि सीझन संपला की पांढरधारेला उरतो तो नुसता काळा कडा. आंबे संपले की आंबा खायला घालतो म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळूनही ते तेच म्हणत राहिले.

एकदा मात्र त्यांनी तिला खरंच नेलं. मार्च महिन्यात, एसटीनं, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. धबधब्याच्या जागी टिपूस नव्हतं. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली आणि खाली तापलेले धोंडे. शरमेनं असेल किंवा उन्हानं असेल, भिलारे एका कातळाच्या सावलीत आडवे झाले आणि त्यांना झोप लागली. उठले तेव्हा चार वाजले होते. शालन शेजारी बसली होती. "छान आहे जागा," एवढंच ती म्हणाली. परतीच्या एसटीत नाही, घरी नाही, पुढं कधीच त्यावर बोलली नाही. माशाचा काटा घशात अडकावा तसं ते 'छान' त्यांच्या घशात अडकून राहिलंय. ती रागावली होती का? हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायला माणूस नाही. तिला पाणी दाखवायचं राहिलं. दुसरी कुठलीच गोष्ट त्यांना इतकी छळत नाही.

आणि आता ती शेजारी बसलीय, ऑगस्ट आहे, आणि बस पांढरधारेलाच चाललीय!

"आज दाखवतो," भिलारे घाईघाईनं म्हणतात. "आज पाणी जोरात आहे. सकाळीच वनखात्याच्या चौकीवर फोन करून विचारलंय मी."

"दाखवा," शालन म्हणते.

बस बोगद्यात शिरते. जाताना घाट लागतो, बोगदा लागतो तो येताना, हे दिलावरला सांगायला भिलारे तोंड उघडतात. पण पलीकडे उजेड येतो तेव्हा बस त्यांच्या धनकवडीच्या स्वयंपाकघरात उभी आहे. खिडक्यांच्या जागी भांड्यांची मांडणी. चौथ्या रांगेतल्या लिमये बाई पर्स मांडीवर घेऊन गॅसच्या शेगडीशेजारी अगदी नीट बसल्यात. शालन ओट्यापाशी उभी राहून चहाचा कप विसळतेय.

"कप तसाच टाकून येता," ती म्हणते. "मुंग्या होतात."

"राहू दे गं. उतरायला हवं. चाळीसच मिनिटं आहेत आपल्याकडे."

"तुमचं पाणी कुठं पळून चाललंय?"

ती कप पुसते, पालथा घालते, पदराला हात पुसते. मग दार उघडते, आणि दारातूनच पांढरधारेच्या पायऱ्या खाली जायला लागतात.

भिलारे पुढं होतात. सवयीनं ते उलटे चालताहेत, पाठ दरीकडे आणि तोंड शालनकडे, एक हात वर. "जपून, पायऱ्या निसरड्या आहेत. डावीकडचं झाड हिरड्याचं. कड्याची उंची साधारण—"

"मला आकडे नका सांगू."

"बरं."

"आणि समोर बघून चाला. पडाल."

ते समोर बघतात. कठड्यापाशी पोचलेच आहेत. आणि समोर पाणी नाही.

काळा कडा. मोहोळं. ऊन. खाली पांढरे पडलेले धोंडे. ऑगस्ट कुठं गेला कुणास ठाऊक, मार्च तिथंच ठाण मांडून बसलाय. भिलारे कठडा घट्ट धरतात. पाऊस नसला, धुकं असलं, दरड कोसळून रस्ता बंद असला, तर बसमधल्या माणसांना सांगायची त्यांची वाक्यं पाठ आहेत. त्यातलं एकही आता तोंडात येत नाही. त्यांना रडू कोसळतं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बायकोसमोर लहान पोरासारखा स्फुंदतो.

"आज होतं गं," ते म्हणतात. "खरंच होतं. मी विचारलं होतं."

"असेल."

"त्या दिवशी तुला राग आला होता का?"

शालन कड्याकडे बघते.

"आला होता तर! चांगला कडकडून आला होता. इतक्या वर्षांनी आणलंत ते इथं, आणि आणून घोरायला लागलात. म्हटलं, याला इथंच राहू द्यावं आणि आपण गाडी गाठावी. उठून निघाले होते मी."

हे भिलाऱ्यांना नवीन आहे. "निघाली होतीस? मग?"

"वाट चुकले."

"पायऱ्या तर समोर होत्या."

"रागात पायऱ्या दिसतात होय? भलतीकडेच उतरत गेले." ती पिशवी खांद्याला अडकवते. "या. दाखवते."

आता ती पुढं आणि ते मागं. ती मागं वळून बघत नाही, काही सांगत नाही, मोजत नाही. कठडा कुठं संपला ते कळत नाही. करवंदीच्या जाळीतून, दोन धोंड्यांमधल्या फटीतून ती शिरते, आणि भिलारे पोट आत घेऊन तिच्यामागं शिरतात. बावीस वर्षं ते या जागेला येताहेत, इथले दगड आपल्याला ओळखतात असं माणसांना हसवायला सांगताहेत. ही वाट त्यांनी कधी पाहिलेली नाही.

कड्याच्या पोटाखाली सावली आहे आणि सावलीत पाणी आहे. फार नाही, चार घागरी बुडतील एवढं. वरच्या दगडातून थेंब पडतोय, थांबतोय, पुन्हा पडतोय. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा एकेक खडा दिसतो.

"हे होतं?" भिलारे विचारतात. "मार्चमध्ये?"

"होतं की. पाय सोडून बसले होते इथं. चांगले दोन तास. चिटपाखरू नव्हतं. पण वरून तुमचं घोरणं ऐकू येत होतं, म्हणून भीती नाही वाटली." ती हसते. "राग कधी गेला ते कळलंच नाही बघा. मग वाट शोधत वर आले आणि बसले तुमच्याजवळ."

"आणि म्हणालीस, छान आहे जागा."

"छानच होती."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पुढच्या शनिवारी तुम्ही चाळीस माणसं घेऊन आला असतात इथं."

आणलीच असती भिलाऱ्यांनी. वर कागदावर छापलं असतं, 'गुप्त कुंड, पंधरा मिनिटं.'

"माझं एक राहू दिलं मी माझ्याकडं," शालन म्हणते. आवाजात तक्रार नाही. "बसा आता. बूट काढा."

"ड्युटीवर मी बूट काढत नाही. कुणी हाक मारली तर—"

"कोण मारतंय? घरात हाका मारणारी मीच होते. बसा."

ते बसतात. कंबर मोडून आलीय, वाकता येत नाही. ते तिला न सांगता कळतं. "आणा इकडं," म्हणत ती त्यांचा पाय मांडीवर घेते, नाडी सोडते, बूट काढते. भिलाऱ्यांना कसंतरीच होतं. बायकोनं पाय मांडीवर घेणं कधी झालं नव्हतं त्यांच्यात. मोजे काढून ती त्यांची घडी करते, घडी बुटात खोचते, दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवते. मग त्यांचे पाय पाण्यात सोडते आणि स्वतःचेही सोडते.

गार पाणी. ते घोट्यातून वर चढतं, गुडघ्यात जातं, कंबरेत जातं, आणि तिथं जे आठ दिवस आवळून बसलंय ते हळूहळू सैल पडायला लागतं.

"फार दमलोय गं," भिलारे म्हणतात.

"दिसतंय मला."

"घरी जावंसं वाटत नाही. इथंच बसून राहिलो तर?"

पाण्यात शालनच्या पायाची बोटं हलतात. जोडवी दिसतात.

"मलाही बरं वाटलं असतं," ती म्हणते. "पण वर ती माणसं खोळंबलीत. लिमये बाईंना तर लघवीला जायचंय, मघापासून चुळबुळताहेत."

भिलाऱ्यांना हसू येतं. रडता रडता येतं तसं हसू, नाकातोंडातून.

"शालन, तुला पाणी दाखवायचं राहिलं माझ्याकडून."

"नसेल दाखवलं तुम्ही," ती म्हणते आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते. "मी पाहिलंय ना पण. आता जीवाला लावून घेऊ नका."

थेंब पडतो. पुन्हा पडतो. मग एकदम पुष्कळ पडतात, दणाणून, कानठळ्या बसतील असे.

"साहेब. ओ साहेब! आली पांढरधार."

बस उभी आहे. बाहेर धुकं आहे आणि धुक्यामागं पाण्याचा आवाज. दिलावर हँडब्रेक ओढून मागं वळलाय.

"दोन तास झोपलात," तो म्हणतो. "उठवू वाटलं न्हाई. मागं सांगून टाकलं, साहेबांचा घसा बसलाय, आज म्हायती मीच देतो. अजिंक्यतारा आला तवा बोट दावलं. आणि काय असतंय तुमचं?"

सीट पुन्हा एकट्याची झालीय. मधल्या वाटेत माणसं छत्र्या आणि रेनकोट घेऊन उभी राहिलीत, सगळ्यांत पुढं लिमये बाई. भिलारे उठायला पाय टेकवतात आणि खाली बघतात.

बूट दाराच्या पायरीशी आहेत, शेजारी शेजारी. मोज्यांची घडी करून आत खोचलेली.

"दिलावर, माझे बूट कुणी काढले?"

"कोण काढतंय? मी रस्ता बघू का तुमचं बूट बघू? काढलं असतील तुम्हीच झोपंत."

बूट कोरडे आहेत. बसचं मॅट कोरडं आहे, दार शिरवळपासून बंदच होतं. भिलारे उजवा पाय उचलून हातात घेतात. घोट्यापर्यंत ओला आहे, गारठलेला, आणि तळव्याला पांढऱ्या सुरकुत्या पडल्यात, धुणं धुतल्यावर बायकांच्या बोटांना पडतात तशा. डावाही तसाच. घोट्याजवळ पाण्याची रेघ अगदी सरळ दिसतेय.

"भिलारेकाका, उतरायचं ना?" लिमये बाई अवघडून विचारतात. "आणि ते हे कुठं आहे हो, लेडीज?"

"चौकीच्या मागं, बाई. तुम्ही सगळे व्हा पुढं. रस्ता सरळ आहे, पाणी समोरच दिसेल."

"तुम्ही येत नाही?"

"येतो मी."

माणसं त्यांच्या उघड्या पायांकडे बघत, पाय तुडवला जाऊ नये म्हणून जपून, एकेक करून उतरतात. आवाज पायऱ्यांवरून खाली जातात आणि धुक्यात विरतात. दिलावर काच पुसायचं फडकं पुढं करतो.

"घ्या, पाय पुसा. सर्दी होईल."

"राहू दे," भिलारे म्हणतात.

ते दोन्ही पाय समोरच्या दांडीवर ठेवतात आणि बसून राहतात. ऑगस्टच्या हवेत ओले पाय वाळायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ ते बसणार आहेत.