चांद्रयानाचे पेढे

दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावात चंद्रावरून भांडण झालेलं घर एकच, आणि तो मान आमचा. दुसरं चांद्रयान उतरायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी उत्साहाच्या भरात अख्ख्या गावाला पेढे वाटले. यान उतरलं नाही, आदळलं. सकाळी चहाच्या टपरीवर मोठे बाबा, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, चारचौघांत म्हणाले, "यानं पेढे वाटले ना, मंग पडाचंच होतं ते."

एवढ्यावर बोलणं बंद. चार वर्षांत शास्त्रज्ञांनी नवं यान बांधून चंद्रावर अलगद उतरवलं. आमच्या घरच्या दोन शहाण्यांना तेवढ्या वेळात एक वाक्य जमलं नाही.

शेतं मात्र लागून. मोठ्या बाबांची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, वर, आमची खाली, मध्ये मातीचा बांध, धुरा. तो कापल्याशिवाय आमच्या धानाला पाणी नाही. म्हणून निरोप, आणि निरोप्या मी, शाळेत विज्ञान शिकवणारी चाळिशीची बाई. जुन्या मोहिमेतलं एक यान आदळलं, पण चंद्राभोवती फिरणारं दुसरं शाबूत राहिलं आणि पुढच्या यानाशी बोलायच्या कामी आलं, हे मी वर्गात मोठ्या कौतुकाने सांगते. घरी तेच काम माझं. कौतुक तेवढं कोणी केलं नाही. "त्या अकडूले सांग" असं निघालेलं वाक्य पलीकडे "बाबा विचारत होते" होऊन पोचायचं.

त्या सप्टेंबरात धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलं आणि पावसाने दडी मारली. आमच्या बांधीला भेगा पडल्या; पाणी उरलं होतं ते वरच्या बांधीत. आणखी चार दिवस पाणी नसतं, तर सगळं धान पोचट. बाबा निरोपही देईनात. "चार साल झाले, त्यानं एक आवाज देल्ला काय मले?"

त्याच संध्याकाळी टीव्हीवर बातमी होती. चंद्रावरची रात्र संपली तरी झोपवलेलं नवं यान जागं होत नव्हतं.

"जवाब येऊन राहिला काय?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"तरी बोलावून राहिले?"

"हो, पुन्हा पुन्हा."

"कायले?"

"आपलंच आहे ना ते," मी म्हटलं.

सकाळी बाबा न सांगता शेताकडे निघाले. मी मागोमाग. मोठे बाबा पावडा घेऊन धुऱ्यावर उभे होते. बाबांनी खालूनच हाक मारली, "भाऊ!"

मोठे बाबा पाठमोरेच.

"ओ भाऊ!"

मोठे बाबा वळले, पण माझ्याकडे.

"त्याले सांग, बाई," ते म्हणाले, "आयकू येऊन राहिलं मले." आणि त्यांनी पावडा धुऱ्यात घातला.

हा एकच निरोप मी पोचवला नाही. बाबा आधीच धुऱ्याशी पोचून दोन्ही हातांनी माती उकरत होते.