मल्लय्याच्या छातीत काय होतं

हे मी घरातही कधी बोललो नाही. बायको समजते की मी मुळातच घुमा आहे — समजू दे. तुम्ही तिऱ्हाईत, म्हणून जीभ जरा सैल होते आहे. तीही अडखळतच.

सोलापुरात विणकरांच्या वस्तीत माझा दवाखाना. खोकणारा माणूस दारात दिसला की त्याला तपासायच्या आधीच मी मनात क्षय म्हणायचो, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरायचो. बरोबर ठरण्याची चटक वाईट. मल्लय्या हातमागावर साड्या विणायचा. खोकला, रक्त, वाळत चाललेलं अंग — आणखी काय हवं होतं? त्याची थुंकी काचेवर घेऊन पुन्हा पुन्हा बघितली. क्षयाचे जंतू काही दिसेनात. मी काचेलाच दोष दिला.

मग त्याला त्याच्या घराच्या मागच्या पडवीत ठेवायला लावलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. त्याची लक्ष्मी तेव्हा पाच-सहा वर्षांची, बापाच्या मांडीवरून न उठणारी. मीच चुन्यानं जमिनीवर रेघ ओढली आणि तिला दटावलं. तो पलीकडून बोटांत दोरा गुंफून तिला खेळ करून दाखवायचा. शेवटी शेवटी त्याचा आवाज गेला. मग नुसता तिच्याकडे बघत बसायचा.

तो गेल्यावर मी छाती उघडून बघायची परवानगी मागितली. अशी परवानगी कोण देतं? पण त्याच्या बायकोनं, पोचम्मानं, दिली. "बघा की डागदरसाब. पन माज्या पोरीला हे लागलंय काय, तेवढं सांगा."

क्षय नव्हता.

श्वासनळीच्या फाट्याशी कर्करोगाची बोराएवढी गाठ होती. नळी उभी चिरली, तर गाठीच्या बऱ्याच वर, बाहेरून निरोगी दिसणाऱ्या भागातही, आतलं अस्तर पांढुरकं आणि खरखरीत. अस्तराखालून सरकत सरकत ते दुखणं वर चढलं होतं. विलायतेतल्या एखाद्या सर्जननं धाडस करून, भोवतीच्या चांगल्या भागासकट गाठ कापली असती, तरी कापाच्या पलीकडे ते उरलंच असतं. या विचारानं मला केवढा धीर आला म्हणून सांगू — मल्लय्या माझ्या चुकीनं मेला नव्हता.

पण ते लागणारं नव्हतं. कोणालाच. पोरगी शेवटपर्यंत मांडीवर बसली असती, तरी तिला काही झालं नसतं.

बाहेर आलो. पोचम्मा पायरीवर बसली होती. एकच वाक्य बोलायचं होतं मला. पण ते बोललो असतो, तर तिनं विचारलं नसतं का — मग ती रेघ कशाला? मी म्हणालो, "क्षयच होता. पोरीला जपा."

भीती होती, दुसरं काही नाही. वस्तीत माझा शब्द चालायचा, तो जाईल याची.

लक्ष्मीचं लग्नाचं वय आता उलटून गेलं. क्षयाच्या घरातली म्हणून स्थळं परत गेली. एक टिकलं, त्याला तिनंच नाही म्हटलं. परवा साध्या सर्दीसाठी आली. खुर्ची होती, तरी तोंडाला पदर लावून दाराजवळ उभी राहिली. शेजारणीचं तान्हं बाळ आहे, ते घ्यावंसं वाटतं, घेतलं तर चालेल का, असं विचारत होती. मी छाती तपासली. स्वच्छ होती. "घे की," म्हणालो.

ती म्हणाली, "नको डागदरसाब. आप्पाचं माज्यात असंल."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिला सर्दीचं औषध दिलं आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.