नाईक यशवंतचा कोट

लढाईत आमची प्लाटून एका उघड्या डोंगरधारेवर होती. मी शिपाई, वायरलेस ऑपरेटर, गाव लांजा. माझा नाईक यशवंत पावसचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून तो मला सगळ्यांसमोर 'गाववाले' म्हणायचा.

सकाळी साडेपाचला रेडिओ चेक, सहाला चहा, मग बंकरची डागडुजी. सोळा दिवस हेच चाललं होतं.

सतराव्या दिवशी दुपारी दोन दहाला शेलिंग सुरू झालं. माझ्या मांडीत स्प्लिंटर घुसला. यशवंतने पट्टी बांधली आणि माझा हँडसेट घेतला.

"ऑपरेटर जखमी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"स्ट्रेचरला दोन तास लागतील. ओव्हर."

बर्फ पडायला लागला होता. माझा कोट रक्ताने भिजून कडक झाला होता. यशवंतने तो काढला आणि स्वतःचा पार्का, बर्फातला जाड कोट, मला घातला.

"नाईकसाहेब, तुम्हाला?"

"माझं मी बघतो. तू बोलत ऱ्हा रे. झोपू नको."

चार वाजून वीस मिनिटांनी मला खाली नेलं. तो वर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हल्ल्यात त्याच्या छातीत गोळी लागली आणि तो गेला. मला हे हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी कळलं. कोट माझ्या उशाशी होता.

तो कोट मी परत केला नाही. गोळी कोटाने अडली नसती, हे मला माहीत होतं. तरी त्याच्या घरी जायचं धैर्य होईना. वर्षं गेली. मी हवालदार होऊन निवृत्त झालो, लांज्याला घर बांधलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही माजी सैनिकांनी रत्नागिरीतल्या एका हायस्कूलची खोली मागून घेतली. जिल्ह्यातले जे जवान लढाईत होते, त्यांच्या वर्द्या, पत्रं, चहाचे मग, पदकं तिथे ठेवायची होती. घरोघर जाऊन वस्तू आणायचं काम माझ्याकडे आलं. लोकांनी विश्वासाने ट्रंका उघडून दिल्या. पावसचं घर मी सगळ्यात शेवटी ठेवलं.

सकाळच्या एसटीने गेलो. कोट पिशवीत होता. यशवंतच्या पत्नी सुमनवहिनी अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. मी नाव सांगितलं.

"लांज्याचे?"

"हो."

त्या हात पुसत उठल्या. "या. फार उशीर केलात, भावोजी."

आत त्यांनी ट्रंक उघडली. वर्दी घडी घालून ठेवलेली, कडुनिंबाचा पाला पसरलेला. खाली एक आंतरदेशीय पत्र होतं. मला खाली नेलं त्याच संध्याकाळी यशवंतने लिहिलेलं. तो गेल्याची तार आधी आली होती, पत्र नंतर.

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. त्यात एक ओळ होती: 'लांज्याच्या पोराला कोट दिलाय. खाली नेताना बोलत होता, वाचेल असं वाटतं.'

मी पिशवीतून कोट काढला. आतल्या बाजूला त्याचा नंबर अजून वाचता येत होता.

"वहिनी, माफ करा. हा मी तेव्हाच आणायला हवा होता."

त्यांनी नंबरावरून बोट फिरवलं. "माफी कसली? तुम्ही जगलात की नाही, एवढंच मला इतकी वर्षं कळत नव्हतं. त्यांनी शेवटचं केलेलं काम वाया गेलं नाही."

त्यांनी पाणी आणून दिलं.

वर्दी आणि पत्र त्यांनी खोलीसाठी दिलं. कोट मात्र ठेवून घेतला. "हा राहू दे माझ्याकडे," एवढंच म्हणाल्या.

निघायला उठलो तर त्यांनी थांबवलं. "सगळ्या रजा मिळून मी यांना सात महिने पाहिलंय. तिकडे कसे होते ते सांगा."

मी सांगितलं. तो सगळ्यांच्या मागून जेवायचा. कुणाचंही तुटलेलं बटण शिवून द्यायचा. नारळाशिवाय कालवण केलं म्हणून लंगरच्या कुकशी रोज भांडायचा. वहिनी हसल्या. माझी दुपारची एसटी चुकली.

आता महिन्यातून एकदा पावसला जातो आणि आठवेल ते सांगतो. गेल्या खेपेला म्हणालो, "वहिनी, आता सांगायचं काही उरलं नाही."

त्यांनी चहाचा कप पुढे केला.

"मग पहिल्यापासून सांगा."